बांधून ठेवलेला बस्ता

'चप्पल बाहेर काढू नये' अशी पाटी रंगवून घ्यायची वेळ अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणा दुकानदारावर आली असेल, तर ती राजेश्वरवर. सत्त्याण्णवच्या पाडव्याला अंबाजोगाईत त्याचं तीन मजली शॉपिंग सेंटर उघडलं आणि पहिल्याच दिवशी दाराबाहेर चपलांचा हा ढीग! लोकांचं तरी काय चुकलं म्हणा. आत पांढऱ्या फरश्या, वाकलं तर तोंड दिसावं इतक्या चकचकीत. धारूरकडचा माणूस दाराशी यायचा, खाली बघायचा, आणि गुपचूप पायताण काढून आत शिरायचा.

राजेश्वर पार वैतागून जायचा. "आवं, पायात घालून या की! मोठ्या शहरात कुनी काढत न्हाई."

त्याचे वडील गुंडप्पा दाराजवळच्या खुर्चीत बसून हे बघायचे आणि गालातल्या गालात हसायचे. त्यांना ती माणसंच शहाणी वाटायची. कापडाच्या दुकानात चप्पल घालून कुणी जातं होय?

याच जागेवर त्यांचं जुनं दुकान होतं. बाहेर दगडी पायरी, आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र गादी, कडेला लोड, हाताशी कापड मोजायचा लोखंडी गज. पायरीवर चपला निघायच्या. गादीवर मांडी घालून माणसं बसायची. आधी पाणी, मग चहा, मग ख्यालीखुशाली, आणि कापडाचं नाव निघायला अर्धा तास. ठाण उलगडलं की खळीचा तो कोरा वास सगळ्या दुकानात पसरायचा. अहाहा! गुंडप्पांना आजही झोपेतून उठवून तो वास दिला असता तर त्यांनी ठाण कुठल्या गिरणीचं ते सांगितलं असतं.

मग नव्वद उलटलं आणि बघता बघता सगळंच बदललं. घराघरावर डिशच्या छत्र्या आल्या. पोरं तयार कपडे मागायला लागली, आणि जीनमध्ये मांडी घालता येईना म्हणून गादीवर बसायलाही तयार होईनात. राजेश्वर पुण्याला जाऊन चार दुकानं बघून आला, ते डोक्यात किडा घेऊनच. शेजारचं भांड्याचं दुकान, पलीकडचं किराणाचं, सगळ्यांना त्यानं पटवलं. पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर दुकानांची ओळ पाडली. दीड वर्षात काचा, फरश्या, थंड हवेचं यंत्र आणि गावातली पहिली लिफ्ट! लिफ्टमध्ये बसायला म्हणून खेड्यातून माणसं यायची. एका म्हातारीनं तर तिकिटाला कमरेची पिशवी काढली.

दार आता मोठ्या रस्त्याकडे गेलं होतं. जिथं दगडी पायरी होती तिथं पुरुषभर उंचीची बंद काच आली, आणि काचेआड साडी नेसवलेला बाईचा पुतळा.

पाडापाडीत जुन्या दुकानातल्या दोनच गोष्टी गुंडप्पांनी हट्टानं वाचवल्या. एक गज. दुसरा, वरच्या फळीवरचा बस्ता; तो नव्या इमारतीच्या तळघरात गेला.

लग्नाचं सगळं कापड एका दुकानात, एका बैठकीत निवडायचं आणि पांढऱ्या चादरीत बांधून न्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. एकदा दुकानदारानं गाठ मारली, हळदकुंकू लावलं, की ती गाठ ज्याची त्यानंच सोडायची. हा बस्ता सदुसष्टच्या उन्हाळ्यात बांधलेला. ऐन दुपारी बालाघाटाच्या अंगाची अकरा माणसं आली होती. पुढे नवऱ्या मुलाची आजी, छबुबाई म्हणून. सगळं घेतलं. शालू तेवढा राहिला होता. नवरी काही बस्त्याला येत नसते, तेव्हा उंची कळायची कशी? तेवढ्यात गुंडप्पांची बायको शांतादेवी मागच्या घरातून चहा घेऊन आली. लग्नाला दोन वर्षं झालेली, वीस वर्षांची पोर, मनगटावर तुळशीचं गोंदण. छबुबाई म्हणाली, "हिच्याच उंचीची हाय आमची नवरी. हिच्या खांद्यावर टाकून दावा."

डाळिंबी रंगाचा शालू होता. गुंडप्पांनी पदर शांतादेवीच्या खांद्यावर टाकला आणि सगळी बैठक कापड सोडून तिच्याकडेच बघायला लागली.

"ठिवा बांधून," सगळ्याचे पैसे रोख चुकते करून छबुबाई म्हणाली. "देवीला जाऊन येतो."

ती माणसं पायरीवर चपला घालून गेली ती गेलीच. गुंडप्पांच्या वडिलांनी धारूरपर्यंत माणूस पाठवला. त्यांनी सांगितलेल्या गावात त्या नावाचं घर नाही, त्या साली लग्नही नाही. गावातले म्हातारे म्हणाले, मुहूर्त टळून आपल्या देवीचंच लग्न राहिलेलं, तिचंच वऱ्हाड दगड होऊन बसलेलं, तर हे कुठलं परतायचं! तरी बस्ता फळीवर राहिला. दर पाडव्याला गुंडप्पा वरची धूळ झटकायचे. गाठीला हात लावला नाही.

शांतादेवीनं जन्मात एकदाच काही मागितलं. राजेश्वरच्या लग्नात. "आवं, तेवीस वर्षं झाली. येकदा नेसू का तो शालू? परत घडी घालून ठिवते."

"दुसऱ्याची अमानत हाय," गुंडप्पा म्हणाले. "शब्द दिलाय."

ती हसली आणि कामाला लागली. पुन्हा विषय काढला नाही. त्र्याण्णवच्या थंडीत ती गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून मूठमाती दिली. पायातली जोडवी काढायला कुणी वाकलं तेव्हा गुंडप्पांनी काढू दिली नाहीत. त्यांनीच लग्नात घातलेली होती ती. अंगावर मात्र बाजारातली साधी साडी. शालू त्या घटकेलाही त्यांना आठवला होता, आणि तरी ते उठले नव्हते. ही सल त्यांच्या काळजात अशी रुतली होती की चार वर्षांत एक दिवस सुना गेला नाही.

तर पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी गुंडप्पा सकाळी दुकानात आले आणि काचेपाशी थिजून उभे राहिले. पुतळ्याच्या अंगावर डाळिंबी शालू! पायाशी बाकीचा सगळा बस्ता मांडलेला. लुगडी, धोतरं, फेटे, खण. वर पाटी: 'जुन्या काळचा बस्ता'.

"रुद्राणी!" त्यांचा आवाज चढला. "बस्ता कुनी सोडला?"

सून बिचारी घाबरली. "मीच, आप्पा, काल सांजच्याला तुमी घरी गेल्यावर. तळघरात कसर लागली असती. लोक बघा किती थांबून बघायलेत."

"ज्याची गाठ त्यानंच सोडायची असती, पोरी."

"आप्पा, तीस वर्षं झाली," राजेश्वर मधे पडला. "आता कोन येतंय? आन् बीडच्या एका बाईंनी शालू मागितलाय. अक्षय तृतीयेला संध्याकाळी न्यायला येनारेत."

गुंडप्पांनी परत बांधून ठेव म्हणून सांगितलं, रागावून बघितलं, शेवटी हातही जोडले. राजेश्वर म्हणाला, बघू. खुर्चीत बसणाऱ्या म्हाताऱ्याला लोक 'बघू' म्हणतात तसं. शालू विकला गेला तर शब्द मोडणार होता. आणि ज्या शब्दापायी शांतीला नाही म्हटलं, तोच मोडला तर मग तिला नाही तरी कावून म्हटलं? एवढं एकच त्यांच्या डोक्यात घुमत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला राखणदार शहादेव त्यांच्याकडे आला. "आप्पा, जरा या बरं. काचंच्या बाजूला लोकांनी चपला काढल्यात."

"तिकडं कावून? तिकडं दार न्हाई."

"त्येच म्हनतोय मी."

काचेबाहेर ओळीनं चपला होत्या. खेड्यातल्या, जाड कातड्याच्या, खिळे ठोकलेल्या. सगळ्यांची तोंडं काचेकडे. गुंडप्पांनी मोजल्या. अकरा जोड. आत जाऊन बघितलं तर अनवाणी माणूस एकही नव्हता. चारला ओळ गेलेली. नेताना कुणी दिसलं नाही.

"टवाळ पोरांचं काम असंल," शहादेव म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी त्या बाजूला जाईना.

रोज दोनला ओळ लागायची. मग लिफ्ट आपोआप खाली यायला लागली. दार उघडायचं, आत कुणी नसायचं, फक्त तळाला लाल मुरमाची माती. फरशी पुसणाऱ्या रतनबाईनं तक्रार केली, "आप्पा, हे पाय कुनाचे? दार हिकडं, आन् पाय त्या काचंकून आलेत." गुंडप्पांनी वाकून बघितलं. ओले नव्हते, धुळीचे होते. टाचा फाटलेल्या माणसांचे पाय. थंड हवेच्या यंत्रात, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या त्या वासात, त्यांना एकदम खळीचा कोरा वास आला. भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं त्यांना.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी त्यांनी ओळ पुन्हा मोजली. बारा जोड.

बाराव्या चपला बायकी होत्या, नाजूक. डाव्या चपलेचा अंगठा लाल रेशमी दोऱ्यानं शिवलेला. तो टाका गुंडप्पांनी स्वतः घातला होता, दुकानातल्याच दोऱ्यानं, चांभार गावाला गेला होता म्हणून. शांती गेल्यावर त्यांनीच त्या चपला तिच्या कपड्यांबरोबर देऊन टाकल्या होत्या.

त्यांनी हात पुढे केला, आणि मागे घेतला.

अक्षय तृतीयेला दुपारी दोनला वीज गेली. सकाळची गर्दी ओसरलेली, नोकर जेवायला गेलेले, राजेश्वर जनरेटरवाल्याला शोधायला बाहेर पडलेला. रुद्राणी वरच्या मजल्यावर. यंत्राची घरघर थांबली आणि दुकान एकदम जुन्या दुकानासारखं शांत झालं.

गुंडप्पा उठले. फरशीवर पांढरी चादर अंथरली. काचेआडचा सगळा माल आणून तिच्यावर रचला, पुतळ्याच्या अंगावरचा शालू उतरवून घडी घातली आणि मांडी घालून बसले. गज हाताशी ठेवला.

"ठिवलंय न्हवं बांधून?" समोरून बाईचा आवाज आला.

"ठिवलंय तर," गुंडप्पा म्हणाले.

त्यांनी वर बघितलं नाही. वडिलांची शिकवण होती, बाया बसल्या की नजर कापडावर. सगळ्या जन्मात त्यांनी गिऱ्हाइकं हातापायांवरून ओळखली होती. आताही त्यांना चादरीच्या कडेला गुडघे दिसत होते, फाटक्या टाचा, काचेच्या हिरव्या बांगड्या. सगळी बसली होती.

एकेक लुगडं त्यांनी उलगडून दाखवलं. एक सुरकुतलेला हात पुढे यायचा, पोत चाचपायचा, बाजूला ठेवायचा.

"आता शालू दावा."

"नवरी आली न्हाई?" हा प्रश्न त्यांनी तीस वर्षांपूर्वीही विचारला होता.

"उंचीला ही बरोबर हाय. हिच्या खांद्यावर टाका."

कुणीतरी येऊन समोर उभं राहिलं. त्यांना पाय दिसले. मग मनगट, आणि त्यावरचं तुळशीचं गोंदण.

गुंडप्पांनी शालू हातात घेतला. घडी मोडेना.

"शांते," ते म्हणाले.

"आवं," ती म्हणाली. "आता तरी नेसू का?"

तीस वर्षं सांभाळलेला शब्द, आणि समोर ती. त्यांनी जराही विचार केला नाही.

"नेस," ते म्हणाले. "तुजाच हाय. नेस की."

त्यांनी पदर तिच्या खांद्यावर टाकला.

सगळे गुडघे तिच्याकडे वळले.

मग छबुबाई म्हणाली, "चला. नवरी मिळाली."

गुंडप्पांनी वर बघितलं.

वीज आली. यंत्र घरघरलं. फरशीवर चादर नव्हती, लुगडी नव्हती, काही नव्हतं. काचेआड पुतळा उघडा उभा होता. धुळीच्या पावलांची वाट फरशीवरून थेट काचेकडे गेली होती.

राजेश्वर परत आला तेव्हा गुंडप्पा मोकळ्या फरशीवर मांडी घालून बसले होते. "आप्पा, शालू कुटं गेला?" त्यानं विचारलं. "बाई संध्याकाळी यायल्यात की!"

"ज्यांचा त्यांनी नेला," गुंडप्पा म्हणाले, आणि गज टेकत बाहेर गेले.

काचेबाहेरची ओळ उठली होती. अकराच्या अकरा जोड गेलेले. लाल दोऱ्याच्या चपला तेवढ्या मागे राहिल्या होत्या, तोंडं काचेकडे केलेल्या. गुंडप्पा खाली वाकले.

चपलांत त्यांनी घातलेली जोडवी काढून ठेवली होती.