उत्तर निघण्याआधी

इसवी सन २०८७, फेब्रुवारी महिन्याचा पहिला सोमवार. स्थळ चाळीसगाव, रेल्वे स्थानकापलीकडच्या वस्तीतील एका घराची पुढची खोली. त्या सकाळी तेथे तीन माणसे एका निर्णयासाठी बसली होती, आणि निर्णय ज्यांना घ्यायचा होता त्या हेमांगी निकुंभच सर्वांत कमी बोलत होत्या.

हेमांगीबाईंचा व्यवसाय दूरसाहाय्याचा. मंगळावरील वसाहतीत नोकरीला गेलेल्या चौघांचे इथले संसार त्या घरबसल्या सांभाळत. विजेची बिले, घरपट्टी, भाडेकरूंची भांडणे. आणि भूवैज्ञानिक यशोधन देवरे यांच्या बाबतीत त्यांचे वडील, नाना. मंगळावरून निघालेला प्रश्न पृथ्वीवर पोचायला अठरा मिनिटे लागत आणि उत्तर परत जायला तितकीच. या खोळंब्याला कंटाळून दोन ग्राहक दुसरीकडे जाण्याच्या गोष्टी बोलू लागले होते. म्हणून नवी यंत्रणा निवडणे भाग होते. ‘निरोप्या’ नावाची एक यंत्रणा प्रश्नोत्तरे नुसती वाहून नेई. दुसरी, ‘अग्रोत्तरी’, महिनाभर परीक्षेवर बसवलेली होती.

“अग्रोत्तरी तिकडे मंगळावर असते,” तिचे रचनाकार उपासनी समजावत होते. “निकुंभबाईंची सहा वर्षांची पत्रे तिने वाचली आहेत. प्रश्न येताच बाई काय म्हणतील ते ती ओळखते आणि त्यांच्या नावाने तत्काळ सांगून टाकते. प्रश्नाबरोबर ते उत्तरही इकडे बाईंना दिसते. मग बाई स्वतःचे उत्तर पाठवतात; फरक असेल तर दुरुस्ती होते, आणि तीवरून यंत्र शिकते. प्रारंभी शंभरांतली ऐंशी उत्तरे जुळत. आता नव्याण्णव. आणखी काय हवे?”

“नव्याण्णव हेच मला खटकते,” डॉ. तस्नीम काझी म्हणाल्या. त्या दूरसंपर्कशास्त्राच्या प्राध्यापक आणि हेमांगीबाईंच्या कॉलेजातल्या मैत्रीण.

“दुसऱ्याचे यश दिसले की तुम्हा प्राध्यापकांच्या पोटात दुखते.”

“दुखतेच! हेमा, मला सांग. यशोधनने विचारले, ‘नाना कसे आहेत?’ अग्रोत्तरी म्हणाली, ‘मजेत.’ ते वाचल्यावर तू काय लिहितेस?”

हेमांगीबाईंनी खिडकीकडे पाहिले. नानांनी भूमापन खात्यात असताना अर्धा तालुका पायाखाली घातला होता. गेल्या गुरुवारी त्यांना आपल्याच गल्लीचे वळण सापडेना. बाईंनी हाताला धरून घरी आणले, तेव्हा म्हातारा हसून म्हणाला होता, “यशाला कळवू नको, पोरी. दगडांची नाडी बघतोय तो, बघू दे. बापाची नाडी जाते कुठे पळून!” बाई घरी परतल्या तो पडद्यावर उत्तर हजर होते, ‘नाना मजेत आहेत’, आणि खाली त्यांचे नाव. त्यांनी लिहिले, ‘मजेत आहेत, थोडा विसराळूपणा वाढला आहे.’ यंत्राने ते जुळले म्हणून मोजले.

हे सारे त्यांनी आता तुटक तुटक सांगितले.

“पण खोडायची कळ समोर आहे की!” उपासनी म्हणाले.

“कळ आहे. पण आपल्या नावाने गेलेला शब्द आपणच खोटा पाडायचा म्हणजे धारिष्ट लागते,” तस्नीम म्हणाल्या. “तिकडे यशोधन याच उत्तरांच्या भरवशावर परतीच्या यानातली जागा सोडायला निघाला आहे. पुढचे यान सव्वादोन वर्षांनी. तोवर नाना त्याला ओळखतील का, याची हमी कोण देणार? तुमचे यंत्र?”

उपासनी वाद घालणारे असले तरी प्रामाणिक होते. आठवडाभर अग्रोत्तरीचे उत्तर बाईंपासून झाकून ठेवायचे, असे ठरले. “नव्याण्णवाचा आकडा दोनाने उतरेल फार तर,” ते उठताना म्हणाले. “जास्त उतरले तर जेवण माझ्याकडून.”

पुढच्या सोमवारी ते आले आणि त्यांनी आठवड्याचा हिशेब दोघींपुढे ठेवला. बिले, घरपट्टी, भाडेकरू यांची एकूणएक उत्तरे जुळली होती. नानांविषयीचे एकही जुळले नव्हते. समोर आयते उत्तर नसताना हेमांगीबाईंनी जे पाहिले ते लिहिले होते: ‘नाना रस्ता चुकले.’ ‘गॅस चालू राहिला.’ ‘जेवलो म्हणतात, ताट तसेच असते.’

“माझ्या लक्षात यायला हवे होते,” उपासनी म्हणाले. “यंत्र बाईंकडून शिकत होते आणि बाई यंत्राचे वाचून लिहीत होत्या. म्हणजे महिनाभर ते आपलाच आवाज ऐकत बसले. त्याची अचूकता कणभरही वाढली नाही. जुळवून घेतले ते बाईंनी.”

“मग बिलांचे कसे जुळले?” हेमांगीबाईंनी विचारले.

“बिल जुन्या पत्रांवरून ओळखता येते. नाना आज कसे आहेत हे त्यांच्याकडे जाऊन आलेल्या माणसालाच ठाऊक असते.”

“आता कोणत्या तोंडाने मी यशोधनरावांशी बोलू?”

“त्याला काय ते कळलेच असेल, हेमा,” तस्नीम म्हणाल्या. “या आठवड्याच्या दुरुस्त्या पोचल्या ना?”

पोचल्या होत्या. दुपारी यशोधनचा ध्वनिसंदेश आला. “हेमांगीताई, आधी गोड उत्तर यायचे आणि मागून खरे. सुरुवातीला तुमचा रागच आला. मग माझे जुने प्रश्न काढून पाहिले. ‘नाना मजेत ना?’ असाच प्रत्येक प्रश्न होता. ‘हो’ ऐकले की मी कामाला मोकळा! यानातली जागा सोडलेली नाही. महिनाअखेर निघतो आहे. नानांना इतक्यात सांगू नका, रोज दारात येऊन बसतील.”

हेमांगीबाईंनी संदेश दुसऱ्यांदा ऐकला आणि डोळे पुसले. उपासनींनी यंत्रणा काढून नेण्यासाठी पिशवी उघडली होती.

“अग्रोत्तरी राहू द्या, उपासनी,” त्या म्हणाल्या. “बिलांची उत्तरे तिने द्यावीत. माणसांची चौकशी आली, तर तिने गप्प बसायचे. तो प्रश्न निरोप्याने माझ्याकडे आणायचा, आणि विचारणाऱ्याने थांबायचे.”