तिसरा पुकारा

आमच्या लॉ कॉलेजात विद्यार्थी साहाय्य कक्ष आहे. म्हणजे जिन्याखाली एक खोली आहे, तिच्यात तीन खुर्च्या आहेत आणि कक्षप्रमुख म्हणून मी आहे. मूल्यांकन समिती येणार असली की प्राचार्य चौथी खुर्ची आणि एक कुंडी पाठवतात. समिती धारवाडचे पेढे घेऊन परत गेली की दोन्ही वस्तू मागवून घेतात.

त्या खोलीत फकीरेश कमडोळी जानेवारीत आला. शेवटच्या वर्षाचा, अण्णिगेरीकडचा मुलगा. बोलताना अडखळायचा. वकिली शिकणाऱ्याने अडखळावं याचं वर्गाला फार हसू यायचं. न अडखळता धडधडीत चुकीचं बोलणारेही वर्गात बरेच होते, त्यांना कोणी हसत नसे.

"मेडम, मूट कोर्टात मला उ-उभं करू नका. नापास केलं तरी चालेल."

"नापास करायलाही उभं करावं लागतं रे. नियम आहे."

"मग घरी ज-जातो."

"घरी जाऊन काय करशील?"

"मामाची बस आहे."

ती बस मला माहीत होती. हुबळीच्या स्टँडबाहेर मी त्याला सुट्टीत पाहिलं होतं. दारात एका पायावर उभा राहून "गदग, गदग, गदग!" एकही अक्षर अडत नव्हतं. हाक मारताना त्याची जीभ मोकळी होत असे. म्हणून मी त्याला पट्टेवाल्याचं काम दिलं.

आमच्या मूट कोर्टात खटला खोटा असतो, पण पुकारा खरा. कॉलेज काढणाऱ्या वकिलांनी घालून दिलेली पद्धत आहे. व्हरांड्यात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं. पहिली हाक चहाच्या गाड्यावर असलेल्यासाठी. दुसरी जिन्यापर्यंत आलेल्यासाठी. तिसरी न आलेल्यासाठी, म्हणजे कागदावर गैरहजर लिहिता येतं. मधेच माणूस आला तर पुढची हाक मारायची नाही. या कामाला वीस मार्क. वकिली करणाऱ्या पोरांनी कुरकुर केली, "मेडम, नुसतं ओरडायचे वीस?" मी म्हटलं, तुम्हीही तेच करता, फक्त जास्त वेळ.

खटला मी रचला होता. मी पुरावा कायदा शिकवते. त्यात एक कलम आहे. ज्यांना एखाद्या माणसाची खबर सहज मिळाली असती, त्यांना ती सात वर्षं मिळाली नाही, तर तो माणूस मेला असं धरतात. नव्या कायद्यात कलमाचा नंबर बदलला, सात वर्षं तेवढीच राहिली. माझ्या खटल्यात विजापूरचा बँक कारकून चन्नबसप्पा हुक्केरी सायकलवरून बाहेर पडतो आणि परतत नाही. बायको कोर्टात जाते.

माझा नवरा ईरण्णा मातीपरीक्षण खात्यात होता. एका रविवारी "पेट्रोल भरून येतो" म्हणून स्कूटरवरून बाहेर पडला, त्याला सात वर्षं उलटून गेली. बँक, विजापूर आणि सायकल, एवढीच माझी कल्पनाशक्ती. कॉलेजात सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी न कळल्यासारखं केलं. आमचा स्टाफ त्या बाबतीत सुसंस्कृत आहे.

खरा दावाही मी लावला होता, तो माझ्या अत्तीच्या सांगण्यावरून. अत्ती म्हणजे सासू. ती रोज रात्री एक ज्वारीची भाकरी जास्त थापते, फडक्यात गुंडाळते आणि सकाळी गाईला घालते. दिवाळीनंतर एकदा पीठ मळता मळता थांबली.

"नीलगंगा, तू कायदा शिकवतेस ना? मग काय ते एकदा ठरव. आहे म्हण, नाहीतर नाही म्हण. माझे हात दुखतात आता."

मला ठरवायचं नव्हतं. कोर्टाने ठरवलं तर मी फक्त ऐकलं असं होईल, म्हणून मी गेले.

मूट कोर्टाची पहिली फेरी दुपारी होती. फकीरेश व्हरांड्यात गेला आणि असा पुकारला, की खालच्या बदामाच्या झाडावरचे कावळे उडाले. "चन्नबसप्पा हुक्केरी!" तीनदा. तिसऱ्या हाकेनंतर फाटकाशी एक स्कूटर येऊन बंद पडली. बंद पडताना दोनदा खोकली.

"मेडम, प्रतिवादी आला वाटतं," बायकोच्या बाजूची वकील मुलगी म्हणाली. वर्ग हसला. मीही हसले. नियमाप्रमाणे विनोदाचा अर्धा मार्क कापला. मग पाणी प्यायच्या निमित्ताने खिडकीशी गेले. फाटकाशी वॉचमन एकटाच उभा होता आणि जिन्याच्या दिशेने बघत होता.

धारवाडात जुन्या स्कूटरी पुष्कळ आहेत. सगळ्याच खोकतात.

दुसऱ्या फेरीनंतर फकीरेश कक्षात आला. बसला नाही.

"मेडम, मी पुकारतो ना, तेव्हा जिन्यावर प-पाऊल वाजतं. चढत येतं. तिसऱ्या हाकेला थांबतं."

"शिपाई असेल."

"एक चप्पल घ-घासत येते. डावी."

माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मी वरच्या पेपरातल्या एका बरोबर उत्तराखाली लाल रेघ मारली. ईरण्णाचा डावा पाय नवलगुंदजवळ शेतातल्या खड्ड्यात मुरगळला होता, तेव्हापासून तो चप्पल घासत चालायचा. हे मी खटल्यात लिहिलं नव्हतं. सुसंस्कृत स्टाफलाही माहीत नव्हतं.

"भीती वाटते का तुला?"

त्याने जरा विचार केला. "न-नाही मेडम. दमलेल्या माणसासारखं वाटतं. लांबून आलेल्या."

त्या रात्री मी भाकरीचं फडकं उघडून पाहिलं. भाकरी होती तशीच होती. तरी ती मी बराच वेळ हातात धरली.

अंतिम फेरीला न्यायाधीश म्हणून उप्पिन साहेब आले. निवृत्त जिल्हा न्यायाधीश. पोरांचे युक्तिवाद ते डोळे मिटून ऐकतात आणि प्रश्न बरोबर दुखऱ्या जागी विचारतात. सभागृह भरलं होतं. मी कडेच्या खुर्चीत मांडीवर गुणपत्रिका घेऊन बसले होते. फकीरेश बाहेर गेला.

"चन्नबसप्पा हुक्केरी!"

"चन्नबसप्पा हुक्केरी!"

मग तो आत आला आणि आपल्या जागी उभा राहिला. तिसरा पुकारा झालाच नाही. घाबरून विसरला, असं समजून मी मान खाली घालून त्याचे दोन मार्क कापले. मान वर केली तेव्हा बायकोची वकील मुलगी बोलायला लागली होती. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, आणि ती सारखी पहिल्या रांगेच्या टोकाकडे बघत होती. तिथे एक खुर्ची रिकामी होती. सभागृहात पोरं भिंतीला टेकून उभी होती आणि त्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं.

निकाल उप्पिन साहेबांनी एका वाक्यात दिला. प्रतिवादी समक्ष हजर असल्याने दाव्याला कारण उरत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या, कारण त्यांना काहीच समजलं नव्हतं.

चहाच्या वेळी साहेब गिरमिटाच्या चुरमुऱ्यांची बशी घेऊन माझ्याशेजारी आले.

"छान बसवलंत मेडम. त्या नवरा झालेल्या माणसाला मी दहापैकी नऊ देईन. नाटकीपणा नाही. आला, बसला, गप्प."

"कसा होता?" मी विचारलं. माझ्या आवाजाला मी वर्गात कधीच एवढे मार्क दिले नसते.

"कसा म्हणजे? तुम्हीच निवडला ना? खिशात दोन पेनं, एकाला टोपण नाही. खिशावर शाई पसरलेली." साहेबांनी मिरचीचा तुकडा बाजूला काढला. "एक मार्क मात्र कापला. कोर्टाकडे बघायचं सोडून तो सारखा तुमच्याकडे बघत होता. मला वाटलं, मार्कांसाठी बघतोय. तुम्ही मान वर केली नाहीत."

तो डाग मी लिंबू लावून लावून घासला होता. गेला नव्हता. त्या रविवारी ईरण्णाने तोच शर्ट घातला, म्हणून मी त्याच्यावर चिडले होते.

सभागृहात परत गेले. खुर्च्या गोळा होत होत्या. टोकाच्या खुर्चीवर मी हात ठेवला. उन्हाळ्यात लोखंडी खुर्च्या गरमच असतात.

"तिसरा पुकारा का नाही केलास?" मी फकीरेशला विचारलं.

"ते आत आले ना मेडम. मी बाजूला झालो, ते पुढे गेले."

एकही अक्षर अडलं नाही.

मी त्याचे दोन मार्क परत दिले.

खऱ्या दाव्याची तारीख पुढच्या आठवड्यात होती. माझी वकील कावेरी इटगी माझीच विद्यार्थिनी. पुरावा कायद्यात तिला मी बावन्न मार्क दिले होते, हे ती विसरली नव्हती.

"मेडम, एकच वाक्य बोलायचं. सात वर्षांत काही खबर नाही. पुढे बोलू नका. तुम्ही शिकवायला लागता."

"पण खबर मिळाली असेल तर?"

तिने फाईल मिटली. "तुम्हाला मिळाली? तुम्ही बघितलंत, तुम्ही ऐकलंत?"

"नाही."

हे खरं होतं. वॉचमनने पाहिलं असेल, पोरांनी पाहिलं, साहेबांनी पाहून मार्कही दिले. मला फक्त एक स्कूटर ऐकू आली. कायदा माझ्याबद्दल विचारतो, आणि माझ्याकडेच काही नव्हतं.

सकाळी निघताना अत्ती तव्यापाशी बसली होती. "संध्याकाळी आलीस की सांग, किती थापू."

कोर्टात पंख्याखाली पन्नास माणसं होती. आमचा नंबर आला. जज्ज तरुण होते, भराभरा कामं उरकत होते. मी पिंजऱ्यात उभी राहून शपथ घेतली. प्रतिवादी म्हणून नाव ईरण्णाचं होतं, वर्तमानपत्रात नोटीसही छापून झाली होती. रिवाज म्हणून जज्ज म्हणाले, "पुकारा."

पट्टेवाला कंटाळलेला होता. दाराबाहेर गेला.

"ईरण्णा मुळगुंद!"

मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली.

पट्टेवाला आत आला. दार त्याने धरून ठेवलं. मागून कोणी येत असलं की धरतात, तसं.

जज्जांनी 'गैरहजर' लिहायला उचललेलं पेन खाली ठेवलं. कावेरीने दाराकडे पाहिलं आणि टेबलाची कड धरली.

मीही पाहिलं. या वेळी मान खाली घातली नाही, पापणीही लववली नाही. दारातून व्हरांड्याचा खांब दिसत होता. खांबावरची पानाची पिंक. त्यापलीकडे ऊन.

"बाई," जज्ज म्हणाले. आवाज उतरला होता. "शपथेवर आहात. यांना ओळखता?"

साक्षीदाराने स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं तेवढंच सांगावं. वीस वर्षं मी हे शिकवते. न पाहता सांगणाऱ्याला मी शून्य देते.

"हो," मी म्हणाले.

"हेच ईरण्णा मुळगुंद?"

"हो साहेब. माझे यजमान."

दावा निकाली निघाला. पुढचं नाव पुकारलं गेलं, तीनदा. मी मागे येऊन शेवटच्या बाकावर बसले. बाकावरची माणसं न सांगता सरकली, एका माणसापुरती जास्तच. मी पदर आवरायला गेले, मग तसाच पसरू दिला.

थोड्या वेळाने कावेरीने दारातून खूण केली. चला.

मी उठायला गेले. पदर आला नाही. शेजारच्या रिकाम्या जागेवर तो बाकाला दाबलेला होता.

ओढला नाही. परत बसले.