मापाची खुर्ची

‘अर्गोनॉमिक खुर्च्या. मापानुसार बनवून मिळतील.’ प्रताप नगरातली ही पाटी दिसली आणि उन्नतीनं करकचून ब्रेक दाबला. सकाळपासून हाच शब्द तिच्या डोक्यात भुणभुणत होता. मनीषनगरच्या खोलीत बसून ती कंपन्यांची माहितीपत्रकं मराठीत आणायची. आजच्या पत्रकातला हा एक शब्द काही केल्या वळत नव्हता. त्यात पाठ अशी धरलेली, की शिंकायचीही चोरी!

"अर्गोनॉमिक म्हणजे काय हो?" दुकानात शिरताच तिनं विचारलं.

रंधा मारणारा तरुण थांबला. केसांत भुसा, कानावर पेन्सिल. "खरं सांगू? मले नाही माहीत. पेंटर म्हणे, लिहा, गिऱ्हाईक येते." मग हळूच हसला. "आलं ना..."

आता या माणसावर रागवायचं तरी कसं?

"ग्रीक शब्द आहे," ती म्हणाली. "एर्गॉन म्हणजे काम, नोमोस म्हणजे नियम. दीडशे वर्षांमागं एका पोलिश विद्वानानं तो कामाच्या शास्त्रासाठी वापरला. पण मराठीत काय लिहू, तेच सुचून नाही राहिलं."

"ते तुमचं काम. माझं काम मापाचं. बसा."

त्याचं नाव संघपाल. गुडघा, कोपर, पाठ... टेप फिरत होता आणि उन्नती शाळा तपासायला साहेब आल्यासारखी ताठ बसली होती. श्वाससुद्धा मोजून घेत होती बिचारी.

चार दिवसांनी खुर्ची आली. दिसायला देखणी, पण पाठ दुप्पट दुखू लागली. त्यातच उमरेडहून बाबांचा फोन. रविवारी पाहुणे बघायला येणार होते. मुलगा चांगला होता, पण लग्नानंतर काम सोडून थोडं ॲडजस्ट करावं लागेल, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. हो की नाही, ते शनिवारपर्यंत सांगायचं होतं.

सगळा राग तिनं फोन करून संघपालवर काढला. तो तासाभरात हजर झाला. खोलीतल्या मैत्रिणीनं, सोनिकानं, डोळे मिचकावत चहा टाकला.

"काम करून दाखवा," एवढंच बोलून तो तिच्यामागं खिडकीपाशी जाऊन बसला. दहा मिनिटं... पंधरा... उन्नती कामात बुडाली. कधी डावा पाय वर घेतला, कधी त्यावर बसली, तिचं तिलाही कळलं नाही.

"हे माप तुमी मले देलंच नव्हतं," मागून आवाज आला.

ती दचकून पाय खाली घेऊ लागली. "सगळे म्हणतात, सरळ बस..."

"राहू द्या. तुमी काहून बदलता? खुर्ची बदलन."

तो खुर्ची खांद्यावर टाकून गेला. उन्नतीनं पत्रक पुढं ओढलं. त्या अडलेल्या शब्दाच्या जागी लिहिलं, ‘माणसाच्या मापानं केलेलं.’ त्या संध्याकाळी बाबांनाही फोन केला.

शनिवारी खुर्ची परत आली. बैठक ऐसपैस, एक हात काढून टाकलेला. उन्नती पाय वर घेऊन बसली आणि पाठ सुखावली.

"उद्याचे पाहुणे येणार नाहीत," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं."

"काहून?"

"माझं माप कोणी घेतलंच नव्हतं."

संघपालनं खिशातून टेप काढला, उगाच ओढला, परत ठेवला. "माझ्या घरी... म्हणजे... भुसा लय असते. आई पहाटेच भांडे वाजवते."

"मग मले ॲडजस्ट करा लागन?" तिनं हसू दाबत विचारलं.

"नाही. आधी पाहीन, तुमी कशा राहता. मंग तसं घर करू... दोघं मिळून." त्याचे कान लालेलाल झाले. "मले तुमी आवडता."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला ‘तू बदल’ म्हणत नव्हतं.

"पाहुण्यांसाठी माझ्या आईनं पोहे आणून ठेवलेच आहेत," ती म्हणाली. "उद्या तूच ये ना गा उमरेडले... फक्त एक काम कर."

"काय?"

"बाबासमोर ताठ बसू नको. चुकीचं माप घेतील ते."