बोंबलांचा राखणदार

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या नाकावर रुमाल होता, त्यामुळे मला फक्त त्याचे डोळे दिसले. आणि खरं सांगते, मला रागच आला. आमच्या घिवलीत येऊन नाकाला रुमाल लावणारा माणूस मला आवडत नाही. मग तो कितीही उंच असो आणि त्याचे डोळे कसेही असोत.

मागे टेम्पो उभा होता, टेम्पोत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पांढरा फळा. बोईसरच्या कुठल्याशा कंपनीने जुना झालेला फळा आमच्या साक्षरता वर्गाला द्यायचं ठरवलं होतं आणि तो पोचवायला यांना पाठवलं होतं. हिमानी मॅडमचा वर्ग कुठे भरतो, असं त्याने रुमालातूनच विचारलं. मी तेव्हा वलांडीखाली बसून बोंबील जोडत होते. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या की झाली वलांडी. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. माझे हात बरबटलेले, ओढणी कमरेला खोचलेली.

"इथेच भरतो," मी म्हटलं.

"आणि मॅडम?"

"त्याही इथेच."

शेजारी बसलेली येसूबाई पदर तोंडावर धरून हसायला लागली. बिचारा कानापर्यंत लाल झाला. मग फळा बांबूला बांधताना दोरी कमी पडली. त्याने क्षणभर विचार केला, नाकावरचा रुमाल सोडला आणि फळ्याचा उरलेला कोपरा त्या रुमालानेच बांधून टाकला. आता मात्र त्याला श्वास घ्यावाच लागला... घेतला त्याने. चेहरा वाईट नव्हता.

त्याचं नाव स्वराज. बोईसरला एमआयडीसीत मशीनवर होता. जाताना त्याने विचारलं, की वर्ग शाळेत का नाही भरवत? मी म्हटलं, कावळ्यांमुळे. त्याला वाटलं मी पुन्हा त्याची थट्टा करतेय.

पण ती थट्टा नव्हती. बोंबील दोरीवर चढले की सुकेपर्यंत त्यांना कावळ्यांपासून राखावं लागतं. नजर चुकली की संपलं. आमच्याकडे पूर्वी हे काम घरातल्या मुलीचं असे. माझी आई, जमना, दुसरीत होती तेव्हा तिला खळ्यावर, म्हणजे या मासे सुकवायच्या मोकळ्या जागेत, बसवलं. हातात काठी दिली आणि सांगितलं, हा हंगाम संपला की जा शाळेत. हंगाम संपला, पावसाळा आला, पुन्हा बोटी सुटल्या, पुन्हा बोंबील आले. आई काही परत शाळेत गेली नाही. तिच्या भावांना मात्र कावळे कधी हाकावे लागले नाहीत.

मला तिने हट्टाने शिकवलं. बोईसरच्या कॉलेजातून बी.ए. झाले तेव्हा गावभर पेढे वाटले. आणि मग गावातल्या बायकांसाठी वर्ग सुरू करायचं मी ठरवलं, तेव्हा पहिल्या दिवशी शाळेच्या खोलीत मी एकटीच बसले होते. बायका येणार कशा? त्या खळ्यावर. म्हणून वर्गच खळ्यावर आणला. बोंबील वर, आम्ही खाली, आणि एक जण आळीपाळीने काठी घेऊन उभी.

पुढच्या शुक्रवारी दुपारी तो पुन्हा आला. या वेळी मोटरसायकलवर, मागे एक ठेंगणी बाई. कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात तुळशीची माळ.

"ही माझी आई," तो म्हणाला. "हिला... म्हणजे, जागा आहे का तुमच्या वर्गात?"

रखमाबाई मूळच्या जालन्याकडच्या, पण आता बोईसरच्या चाळीत त्यांना मोठा मान होता. भजनी मंडळात त्या पोथी समोर धरून म्हणत. सगळं पाठ होतं. पानं त्या अंदाजाने उलटायच्या, आणि आजवर एकदाही कुणाला संशय आला नव्हता. त्यामुळे चाळीजवळच्या वर्गात जायची सोय उरली नव्हती. स्वराजला तरी कधी कळलं? एकदा पोथी उलटी धरलेली त्याने पाहिली तेव्हा.

"लोकांमधी काय तोंड दाखवू बाई," त्या मला हळूच म्हणाल्या. "हितं मला कुनी वळखत नाही, म्हनून आले."

त्या वाऱ्याची दिशा बघून बसल्या, बोंबलांपासून लांब. पाण्याची बाटली घरून आणलेली. वर्गात पुढेच बसलेली माझी आई हे सगळं बघत होती आणि तिला ते मुळीच पटलं नव्हतं. पण अक्षरं दोघींची सारखीच डगमगत होती. दोघींचाही 'ज' पालथा पडायचा. असं एकत्र चुकत राहिलं की माणसांचं जमतं. एका शुक्रवारी रखमाबाईंची बाटली संपली आणि आईने न विचारता त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. त्या जरा थांबल्या... मग प्यायल्या. त्या दिवसापासून दोघी एकाच चटईवर बसायला लागल्या.

त्याच्या कंपनीला सुटी शुक्रवारची. मी शुक्रवारची वाट बघते हे माझ्या लक्षात यायच्या आधी येसूबाईच्या लक्षात आलं. शुक्रवारी माझी ओढणी नीट इस्त्रीची असते, असं तिने सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. मी तिला त्या दिवशी जास्तीचं शुद्धलेखन दिलं.

तो आईला सोडून निघून जाऊ शकला असता. पण नाही जायचा. फळा पुसायचा, खडू आणायचा, मग लक्षात यायचं की या फळ्याला खडू चालत नाही, मग पेन आणायला बोईसरला जायचा. काहीच काम नसलं की काठी हातात घ्यायचा.

"कावळ्यांना तुमची भीती वाटत नाही," मी एकदा म्हटलं. तो हाकत होता आणि कावळे दोन हात सरकून पुन्हा बसत होते.

"कुणालाच वाटत नाही."

"कुणाला वाटायला हवी होती?"

"एका मॅडमला वाटली असती तर बरं झालं असतं. निदान थोडं कमी बोलल्या असत्या."

मी फळ्याकडे वळले, कारण हसू आवरत नव्हतं. फळ्यावर काय लिहायला घेतलं होतं ते मात्र विसरले. बायका वही घेऊन माझ्याकडे बघत बसलेल्या, आणि मी हातात पेन धरून उभी.

मला तो आवडत होता. उगाच आडपडदा कशाला ठेवू? तो बोलायच्या आधी जरा थांबतो, ते आवडायचं. आईच्या चपला उचलून सावलीत ठेवतो, ते आवडायचं. पण त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं, आणि माझ्या आईने स्पष्ट सांगितलं होतं, की ज्याला आपल्या कामाची किळस, त्याच्या घरी तिची मुलगी जाणार नाही. ती कोणाबद्दल बोलतेय हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

मार्चमध्ये साक्षरतेची परीक्षा जाहीर झाली. रविवारी, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्याच शाळेत, जिथून आईला उठवून आणलं होतं. आईने नवी साडी काढून ठेवली. वर्गात ती सगळ्यात पुढे होती. जोडाक्षरांवर अडायची, पण सोडायची नाही. परीक्षा जवळ आली तशी ती भाकरी थापतानासुद्धा पुटपुटायला लागली.

आणि शनिवारी बोटी भरून आल्या. इतका बोंबील की वलांड्या पुरेनात. ऊन चांगलं, वारा चांगला, सगळ्यांचा माल एकाच वेळी दोरीवर चढला. पुरुष पुन्हा समुद्रावर गेले. सुना बाजाराला जाणार. मग रविवारी खळं राखणार कोण? सगळ्या जणी एकमेकींकडे बघू लागल्या, आणि आई म्हणाली, "तुमी जा सगल्या. मी हाय ना कावल्यांना."

किती सहज म्हणाली. जणू परीक्षा दुसऱ्याच कोणाची होती. मी भांडले. मी राहते म्हटलं, तर ती म्हणाली, शिकवणारीच नसली तर बायका घाबरतील. खरंच होतं, मला शाळेत थांबणं भागच होतं. आईने नवी साडी पुन्हा घडी करून ठेवली. ते बघवलं नाही मला. मी ओसरीत जाऊन स्वराजला फोन केला आणि बोलता बोलता रडले. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, बरं, उद्या बघू. मला त्याचा भयंकर राग आला. उद्या काय बघणार होता हा?

सकाळी मोटरसायकल शाळेकडे न जाता खळ्यावर आली. त्याने कंपनीत रजा टाकली होती. रखमाबाई मागून उतरल्या आणि त्याने सरळ आईच्या हातातल्या काठीला हात घातला.

"मावशी, मी थांबतो. तुम्ही जा."

आईने काठी सोडली नाही. "तू मालकरी मानूस, मासली खात नाय. मासली पडली, कुत्रं आलं, तर काय करशील? हात लावशील?"

तो नेहमीसारखा थांबला. रखमाबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

"लावीन," तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग काठी सोडली, घरात गेली आणि नवी साडी नेसून आली. रखमाबाईंनी तिचा हात धरला. दोघी पुढे, मी मागे. मी वळून पाहिलं तेव्हा तो मोठमोठ्याने हुश हुश करत धावत होता आणि कावळे निवांत बसले होते.

परीक्षा चालू असताना माझं लक्ष खिडकीकडे. दुपारी खळ्याच्या बाजूने कावळ्यांचा एकच कलकलाट उठला. येसूबाईने मान वर केली. दोघी-तिघींनी केली. मी आईकडे बघितलं. तिची बोटं पेनावर घट्ट आवळली होती, आणि ती लिहीत राहिली.

पेपर देऊन बाहेर आल्यावर ती शाळेच्या पायरीवर बसली. तिला कसा गेला विचारलं, तर तिने ते ऐकलंच नाही बहुतेक.

"हिमानी," ती म्हणाली, "कावले वरडत व्हते."

"ऐकलं मी, आई."

"मी उठली नाय."

एवढं बोलून तिने पदराने डोळे पुसले. मी तिच्या शेजारी बसले. रखमाबाईही येऊन बसल्या.

खळ्यावर आलो तर स्वराज घामाने निथळत होता. एका वलांडीची दोरी तुटून माल वाळूत पडला होता आणि त्याने एकट्याने सगळा उचलून, झटकून पुन्हा वर चढवला होता. हातांना कोपरापर्यंत चिकटा आणि वाळू. पण पडताना जोड्या सुटल्या होत्या आणि बोंबील अर्धे सुकलेले, त्यांचे जबडे आता उघडत नव्हते. म्हणून या गृहस्थाने प्रत्येकाची शेपटी सुतळीने दोरीला बांधली होती. अख्खी ओळ उलटी लटकत होती, डोकी खाली.

असलं काही घिवलीत कोणी कधी पाहिलं नसेल. येसूबाई हसता हसता खाली बसली. माझी आई तर अशी, की दुसरीची जोडी वाकडी दिसली तरी जाऊन सरळ करणार. ती वलांडीपाशी गेली. एका सुतळीला हात लावला, गाठ बघितली. स्वराज पडेल चेहऱ्याने म्हणाला, की चुकलं, लगेच सोडतो.

"रावदे," आई म्हणाली. "सुकतील तशेच."

मग रखमाबाईंकडे वळून तिने चहा घेऊनच जा म्हणून सांगितलं. रखमाबाई लेकाच्या हातांकडे बघत होत्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे. शेवटी म्हणाल्या, "चला जमनाबाई. लेकरू दमलंय, त्याला पन च्या द्या." दोघी पेपरातल्या जोडाक्षरांबद्दल भांडत घरात गेल्या.

मी परसात त्याच्या हातांवर पाणी घातलं. साबण दिला, पुन्हा पाणी घातलं. त्याने हात नाकाशी नेले आणि माझ्याकडे पाहिलं.

"जात नाही असा," मी म्हटलं. "थांबा, लिंबू चिरून देते. लिंबाने जातो वास."

"नको."

"अहो, घरी जेवायचंय तुम्हाला या हातांनी."

"नको, राहू दे..." तो थांबला. मी तांब्या धरून उभी. पाणी माझ्या पायांवर सांडत होतं तेही मला कळलं नाही. "सवय करून घ्यायची आहे मला. हिमानी, मला तू फार आवडतेस."

मी तांब्या खाली ठेवला आणि त्याचे ओले हात माझ्या हातांत घेतले. म्हटलं, "मलाही तू आवडतोस. आता आत चल, चहा गार होतोय."