तिसऱ्या डब्यातले मूग

आमच्या घरात किडके मूग आहेत असं कुणी तोंडावर म्हणलं, तर मी त्याला दारात उभं करत नाही. पण त्या दिवशी म्हणणारा माणूस आमच्याच अंगणात उकिडवा बसला होता, अन् वर हसत होता.

बोरी गावात, नेमकं आमच्या फाटकासमोर त्याच्या मोटारसायकलचं चाक बसलं. पंक्चरवाला येईपर्यंत सावली पाहिजे म्हणून तो आत आला. मी मूग उन्हात पसरले होते, अन् त्यातून बारके तपकिरी भुंगे तुरुतुरु पळत होते.

"वा! काय सुंदर हाय!" तो म्हणाला.

मला वाटलं, मलाच म्हणाला. लाजत मान वर केली, तर साहेबांच्या बोटावर भुंगा!

"किडके मूग बघून कुणी वा म्हणतं का?"

"मी म्हणतो. चार दिवस झाले, हेच हुडकायलोय. जिथं विचारलं तिथं बाया अंगावर आल्या."

"येतीलच की! चांगलं घर बघून विचारावं माणसानं."

"चांगल्याच घरात आलोय," म्हणत त्यानं माझ्याकडं बघितलं. मी उगीचच सूप जोरात पाखडलं.

नाव हरिओम. "आरती करायला आलाव का मग?" असं विचारलं, तर कानापर्यंत लाल झाला! साठवणीतल्या कडधान्याच्या किडीवर त्याचं कृषी विद्यापीठाकडून काम चालू होतं. माझी माय, मनकर्णाबाई, चहा घेऊन आली, अन् चहा संपायच्या आत त्यानं तिला तीन डबे मूग कबूल करायला लावले. पहिला डबा हवाबंद. दुसऱ्यातल्या मुगाला किलोमागं चमचाभर एरंडेल चोळलेलं. तिसऱ्याला मात्र काहीच करायचं नाही, भुंगा लागला तर लागू द्यायचा. त्याच्याशी ताडूनच पहिल्या दोन डब्यांचा गुण कळणार होता. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक डब्यातले शंभर दाणे घ्यायचे, अन् त्यात भोकाचे किती, ते मी वहीत लिहायचं.

"डोळ्यादेखत अन्न किडू द्यायचं?" माय कळवळली. "पाप लागंल, बाबा."

"ते मला लागू द्या, माय."

तो यायला लागला. त्याच्या तोंडी तुमीचं तू कधी झालं, कळलंच नाही… एकदा त्यानं एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

"पांढरा ठिपका दिसतो का? हे अंडं. अळी इथूनच आत शिरते. वरून दाणा धड, आतून पोकळ. भुंगा झाला की गोल भोक पाडून बाहेर."

"बाहेर येऊन काय खातो?"

"काहीच न्हाई. दहा-बारा दिवस जगतो. जोडीदार हुडकायचा, मादीनं अंडी घालायची, झालं."

"उपाशीच? प्रेमात भूक लागत न्हाई म्हणतात, ते खरंय मग…" बोलून गेले अन् जीभ चावली.

"मला तर बोरी जवळ आली की लय भूक लागते," तो हळूच म्हणाला. दोघांची डोकी त्या एका दाण्यावर वाकलेली.

त्या दिवशी तो जेवून गेला. मीच वाढलं.

माघ सरता सरता तो म्हणाला, "पुढची खेप शेवटची."

मी वही मिटली. "अन्… तिसऱ्या डब्यात गडबड झाली तर?"

"मग सगळं पहिल्यापासून. आणखी सहा महिने," तो हसला.

सहा महिने! मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. माय शेतात गेल्यावर मी तिसरा डबा उघडला. भुंगे चाळले, भोकाचे दाणे निवडून कोंबड्यांना टाकले, उरलेल्या मुगाला एरंडेल चोळलं. लाज वाटली का? खोटं कशाला बोलू, मी गुणगुणत होते.

शेवटच्या खेपेला तो नवा सदरा घालून आला, हातात पेढ्याचा पुडा. तिसऱ्या डब्यातले शंभर दाणे मोजले. मागच्या खेपेला साठ दाण्यांना भोकं होती, आज तीनच दाण्यांना. त्यानं दाणे चोळले, बोटं नाकाशी नेली.

"माय, तुमाला बघवलं न्हाई का?"

"म्या हात बी लावला न्हाई, बाबा. देवाची आण."

त्यानं माझ्याकडं बघितलं. माय उठून आत गेली.

"राजेश्री… कामून केलं?"

"तुमचं येणं थांबू नये म्हणून."

त्यानं पेढ्याचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाला, "हे काम पुरं झालं की माझी नोकरी पक्की होणार होती. सोमवारी आई-बापाला घेऊन तुला बघायला येणार होतो. त्याचेच पेढे हायत हे."

काय करू, काय करू… अन् मी वही पुढं ओढली. "मग आजचेबी साठच लिहिते! कोण बघायला येतंय? मी सही करते खाली."

तिथंच माझं चुकलं. तेलापायी तो माझ्यावर नुसता रागावला असता. पण आता त्याचा चेहराच बदलला. त्यानं हळूच वही घेतली, अन् पहिल्या पानापासून सगळे आकडे बघितले, माझ्याच अक्षरातले.

"ह्यातले खरे कोणते, हे आता मी कसं सांगू?"

"सगळे खरे हायत! हेच एक… आईशप्पथ."

"असतील," तो म्हणाला. वही घेऊन फाटकाबाहेर गेला. मी पाठोपाठ धावले.

"पुन्हा पहिल्यापासून करू की. सहा महिने. मी डब्याला हात लावणार न्हाई."

"करीन. दुसऱ्या गावात."

लाज सोडून मी भर रस्त्यात म्हणाले, "माझं लय प्रेम हाय तुमच्यावर."

"माझंबी हाय," तो म्हणाला, अन् त्यानं गाडीला किक मारली.