कंदील आणायला गेलेली आत्या

हेडक्लार्क कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदांचा नवा गठ्ठा आणि पेनाच्या रिफिली घेऊन निघाले, तेव्हा उन्हं उतरत होती. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी गल्ली त्यांना हेडक्लार्कच म्हणायची. दुकानदार गठ्ठा बांधताना न चुकता विचारायचा, "कादंबरी कुठवर आली?" जणू गाडीनं येणारी पाहुणीच.

"येतेय," हेडक्लार्क म्हणायचे. "सामान फार आहे तिच्याकडे."

निवृत्तीनंतर कुणी गुलाब लावतं, कुणी सुनेला वळण लावतं. हेडक्लार्कांनी पहिल्यापेक्षा कमी पाणी आणि दुसऱ्यापेक्षा कमी धाडस लागणारा छंद निवडला होता. एक मोठं दुमजली घर, दोन भाऊ आणि त्यांचं भांडण, अशी ती कादंबरी. वाचक एकच, बायको. ती भाजी निवडता निवडता ऐकायची आणि शेवटी "बरंय" म्हणायची. साहेब आयुष्यभर त्यांच्या कागदांवर नुसतं 'पाहिले' लिहीत आले, त्यामानानं हे कौतुकच.

पण काल नवल घडलं होतं. भाऊ वाटणीवरून हातघाईवर येतात आणि वरचा मजला कुणालाच मिळू नये म्हणून जिना विटांनी चिणून टाकतात, ते प्रकरण ऐकताना तिनं पदर डोळ्यांना लावला होता. तेव्हापासून हेडक्लार्कांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

ते घरात शिरले. मधल्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. बायको खुर्चीत मान वर करून बसली होती.

"अहो, एक विचारू? ती आत्या खाली आली का?"

"कोण आत्या?"

"तुमच्या कादंबरीतली. सुरुवातीला घरातले दिवे जातात, थोरला तिला वरून कंदील आणायला पाठवतो. पुढं तिचा उल्लेखच नाही. आणि काल तर तुम्ही जिनाच बुजवलात."

हेडक्लार्कांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती.

"राहून गेली खरी," पत्राला एखादं सहपत्र जोडायचं राहावं अशा सुरात ते म्हणाले. "पण कुणाच्या लक्षात येतंय?"

"माझ्या तरी कुठं आलं होतं? दुपारपासून ऐकतेय, म्हणून आठवलं."

"काय ऐकतेस?"

तिनं बोट वर केलं.

त्यांच्या घराला वरचा मजला नव्हता. डोक्यावर स्लॅब, स्लॅबवर पाण्याची टाकी आणि टाकीवर आभाळ. तरीही वर लाकडी फळ्या करकरत होत्या. कुणीतरी सावकाश चालत एका टोकाला जात होतं, तिथं थांबून भिंत चाचपत होतं आणि परत फिरत होतं. डावा पाय किंचित ओढल्यासारखा वाजत होता. आत्या डावा पाय ओढत चालते, हे हेडक्लार्कांनी कुठंच लिहिलं नव्हतं. फक्त मनात योजलं होतं.

ते अंगणात जाऊन बघून आले. टाकीवर एक कावळा होता. आत येताच जुन्या लाकडाचा आणि रॉकेलचा वास नाकात भरला.

ते टेबलाशी येऊन बसले. भीती वाटत होतीच, पण तिच्याही वर दुसरंच काही दाटून आलं होतं. जन्मभर खर्डेघाशी करून त्यांच्या शब्दानं एक खुर्ची या टेबलाची त्या टेबलाला गेली नव्हती. आणि इथं एका साध्या वाक्यावर कुणीतरी उठून वर गेलं होतं... आणि 'ये' म्हटलं नाही म्हणून अजून तिथंच होतं.

"जिना मोकळा करा," बायको हळूच म्हणाली.

"अगं, साऱ्या कादंबरीत तेवढंच तर जमलंय. तू रडलीस त्याच्यावर."

"रडले. म्हणून म्हातारीला अंधारात कोंडून ठेवायचं? तुम्ही पाठवलंत, तुम्हीच आणा."

पावलं सरकत सरकत बरोबर त्यांच्या टेबलाच्या वर आली आणि थांबली... ऐकत असल्यासारखी.

हेडक्लार्कांनी ते प्रकरण काढलं. एकदा त्यावरून हात फिरवला. मग मधोमध फाडलं. नवा कागद घेऊन त्यांनी विटा काढल्या, जिना झाडला, आणि लिहिलं, 'आत्या कंदील घेऊन खाली आली.'

कपाटामागच्या, स्वयंपाकघराकडच्या भिंतीत पहिली पायरी वाजली. मग दुसरी. मध्ये दम खाल्ल्यासारखी उसंत. हेडक्लार्क नकळत उठून उभे राहिले. घरात वडीलधारं माणूस येतं तेव्हा उभं राहतात, तसे. स्वयंपाकघराच्या दाराखालून पिवळा उजेड आत सरकला, दार आपसूक उघडलं, आणि तो उंबऱ्याशी थबकला. उजेडामागं कुणी दिसत नव्हतं. पण इतका शांत उजेड हेडक्लार्कांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचे हात जोडले गेले.

बायकोनं खुर्ची पुढं सरकवली. "बसा आत्या. फार ताटकळत ठेवलं यांनी तुम्हाला."

उजेड आत आला नाही. तो वळला आणि आल्या वाटेकडे उंच धरला गेला... मागून येणाऱ्याला पायरी दिसावी म्हणून धरतात तसा.

"अहो..." बायकोनं त्यांची बाही धरली. "आत्या एकट्याच गेल्या होत्या ना वर?"

"एकटीच. मी दुसऱ्या कुणाला..."

भिंतीत, अगदी वरून, छोटी अनवाणी पावलं एकेक पायरी गाळत, उड्या मारत खाली येऊ लागली होती.