सहा कडांची काडी

“थांब! ते झेंडे कसले?” हॅटीने सायकलचा ब्रेक दाबला.

आजोबांच्या वाळूच्या टेकडीवर, आजीने लावलेल्या चेरीच्या झुडपांभोवती, पिवळे झेंडे रोवलेले होते. आजी मार्चमध्ये गेली. तेव्हापासून आजोबा रोज सकाळी त्या झुडपांपाशी जाऊन येत.

“तण खात्याच्या मिस्टर होल्मनी रोवलेत,” तिचा धाकटा भाऊ ऑरिन म्हणाला. “चिकाचं वाईट तण शिरलंय म्हणे. दुपारी औषध मारणार.”

“मग चेरीही मरतील!”

हॅटी वाळूत बसली. झेंड्यांपाशी हातभर उंचीची बारीक रोपं होती. तिने पान तोडलं, तर पांढरा चीक आला.

“झालं! तेच तण,” ऑरिन हिरमुसला.

“चीक काय, फुलपाखरांच्या रुईलाही येतो, शहाण्या! आणि डोळ्यांना हात लावू नकोस.” तिने काडी बोटांत फिरवली. “अरे, हिला कडा आहेत! पेन्सिलीसारख्या. मोज.”

“चार, पाच... सहा!”

पानंही समोरासमोर जोडीने होती. ऑरिनने रोप ओढलं. ते बोटभर मुळासकट अलगद हातात आलं.

दोघं ओढ्याकाठी धावली. होल्म दरवर्षी ज्यावर औषध मारत, ते खरं तण तिथे माजलं होतं. त्याची पानं एकाआड एक, काडी गोल. ऑरिनने जोर लावला, काडी तुटली आणि तो धप्पकन मागे पडला! मूळ जमिनीतच.

दुपारी मिस्टर होल्म औषधाची टाकी घेऊन आले. आजोबाही होते.

“बाजूला व्हा, पोरांनो!”

“एकच विचारते,” हॅटी म्हणाली. “ते तण मुळासकट उपटता येतं?”

“छे! माणूसभर खोल मुळं. ट्रॅक्टर लावला तरी नाही!”

“मग हे उपटा ना.”

होल्मनी दोन्ही हातांनी हिसका दिला. रोप सटकन सुटलं, वाळू थेट टोपीवर!

ऑरिन फिस्सकन हसला आणि ओढ्याकाठची काडी पुढे केली. होल्मनी दोन्ही काड्या बोटांत फिरवून पाहिल्या.

“हे इथलंच रानफूल. एका उन्हाळ्याचं,” ते ओशाळून म्हणाले. “चीक पाहिला नि झेंडे रोवले. चुकलंच माझं.” ते स्वतः झेंडे उपटू लागले.

“मी तर फवारणीच्या कागदावर न बघताच सही केली,” आजोबा हळूच म्हणाले. “तुम्ही वाकून बघितलंत. शाब्बास, पोरांनो.”

घरी त्यांनी फडताळातून चेरीच्या मुरंब्याची बरणी काढली. आजीच्या हातची, शेवटची. इतके दिवस त्यांनी ती उघडली नव्हती.

“खा पोटभर,” ते म्हणाले. “यंदाचा आपण करू.”